ज्याचं रक्त, त्याचाच खर्च

सकाळी ९.३०

बाणेरच्या ऑफिसात आल्यावर चहाच्या आधी मी रात्रीचे आकडे उघडते. आमच्या ऑनलाइन फँटसी गेममध्ये रक्तजादूगाराचा क्लास येतोय आणि त्याच्या लढाईचं गणित माझ्याकडे आहे. रात्रभर सर्व्हरवर बॉट लढत असतात. कोण किती वेळ टिकलं, किती डॅमेज दिलं आणि स्वतःची किती हेल्थ स्वतःच खर्च केली, हे सगळं सकाळी शीटमध्ये येतं.

कल्पना एका वाक्यात मावते. इतर जादूगार मॅना खर्चून मंत्र टाकतात, हा स्वतःचं रक्त खर्चतो. ऐकणाऱ्याला ती लगेच आवडते आणि गेमच्या दुनियेत ती जुनी आहे. २००९च्या ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’मध्ये ब्लड मेज होता. ‘पाथ ऑफ एक्झाइल’मध्ये ब्लड मॅजिक घेतलं की मॅना उरतच नाही, सगळी किंमत हेल्थमधून जाते. एकट्याने खेळताना यात काही वांधा नाही: रक्त तुझं, मरणही तुझं. पार्टीत मात्र एक हीलर असतो. रक्तजादूगाराने मजेत उधळलेली हेल्थ भरून काढायला त्याचा मॅना जातो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ २००४ साली आला तेव्हा त्यातल्या वॉरलॉककडे लाइफ टॅप होतं, म्हणजे हेल्थ द्यायची आणि मॅना घ्यायचा. त्या काळात हीलर खेळलेल्यांना आठवत असेल, शत्रूने वॉरलॉकला बोटही लावलेलं नसायचं आणि त्याची हेल्थ अर्ध्यावर आलेली असायची.

मी हा क्लास हातात घेतला तेव्हा एकच अट धरली: रक्ताची किंमत ज्याची त्याने भरायची. बाकी सगळं बदलायला माझी तयारी आहे.

सकाळी १०.१५

आजचा पहिला प्रश्न, मंत्राची किंमत ८ टक्के, पण कशाच्या ८ टक्के? पूर्ण हेल्थच्या धरले तर १०,०००च्या हेल्थमधून दर वेळी ८०० जातात. बारा मंत्रांनंतर ४०० उरतात, तेराव्याला हात बांधलेले. खेळाडूला हे ताबडतोब कळतं, आणि भीतीही खरी वाटते. उरलेल्या हेल्थच्या ८ टक्के धरले तर किंमत प्रत्येक वेळी घटत जाते. दहा मंत्रांनंतरही ४,३०० च्या वर हेल्थ असते, आणि आकडा शून्यावर कधी जातच नाही. म्हणजे स्वतःच्या मंत्राने कुणी मरत नाही. पण हेल्थ जितकी कमी तितकी जादू स्वस्त, हा उलटा व्यवहार झाला. त्यावर ‘हेल्थ कमी असताना डॅमेज जास्त’ असा बोनस दिला तर कसलेला खेळाडू मुद्दाम १५ टक्क्यांवर जाऊन बसतो आणि बॉसच्या पहिल्या मोठ्या फटक्यात आडवा होतो. मग पार्टी हीलरला बोलते.

म्हणून बोनस मी ‘उरलंय किती’वरून काढून ‘नुकतंच सांडलंय किती’वर आणला. शेवटच्या सहा सेकंदांत जेवढं रक्त खर्चलं तेवढी पुढच्या मंत्राला धार. अशी काळाची खिडकी वॉरक्राफ्टच्या ब्लड डेथ नाइटमध्ये उत्तम चाललेली आहे. त्याचा डेथ स्ट्राइक शेवटच्या पाच सेकंदांत खाल्लेल्या माराच्या हिशेबाने हेल्थ परत देतो, म्हणून चांगला खेळाडू फटका बसण्याची वाट बघतो आणि घाबरट आधीच वापरून टाकतो. तिथे खाल्लेला मार मोजतात, आमच्याकडे स्वतः सांडलेलं रक्त मोजलं जाईल. किंमत पूर्ण हेल्थवरच ठेवली. खेळाडूला मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी करता आली पाहिजे. जी किंमत मोजता येत नाही तिची भीतीही वाटत नाही.

सकाळी ११.३०

कथा लिहिणाऱ्यांबरोबर बैठक. एका मंत्राचं नाव ‘रक्तबीज’ ठेवावं असं त्यांना वाटतं. माझा विरोध आहे, आणि तो मी कारणासकट मांडते. देवीमाहात्म्याच्या आठव्या अध्यायातला रक्तबीज म्हणजे ज्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की तिथून त्याच्यासारखाच दुसरा असुर उभा राहतो. देवी त्याला शस्त्राने मारते आणि काली त्याचं रक्त खाली पडूच देत नाही. इतकं नेमकं नाव एका साध्या स्फोटाला चिकटवलं तर गोष्ट वाया गेली. उलट यातून बॉसची आख्खी लढाई उभी राहील: त्याला जिथे जखम कराल तिथे नवा शत्रू, आणि सांडलेलं रक्त शोषून घेणारा पार्टीत एकच, रक्तजादूगार. शत्रूंची संख्या वाढली की सर्व्हरवरचा भार वाढतो, म्हणून एका वेळी चारच असुर उभे राहतील. लेखकाने वही उघडून लिहायला सुरुवात केली. आजची सगळ्यात फलदायी अर्धी घटका हीच.

दुपारी १२.४५

आर्टच्या टेबलाजवळ. सगळं लाल दिसतंय आणि ते चालणार नाही. आमच्या गेममध्ये बॉसचा फटका पडणार असेल ती जमीन आधीच लाल होते. त्यावर लाल रक्ताचं वर्तुळ काढलं तर ‘इथे ये’ आणि ‘इथून पळ’ यांत फरक राहत नाही. शिवाय युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ जणांमागे एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, आणि आमचे बरेच खेळाडू तिकडचे आहेत. म्हणून फरक आकारात करायचा. धोक्याला कडक किनार, तर रक्ताला आत ओढले जाणारे धागे. रंग काळसर डाळिंबी. आतडी, मांस काहीही नाही. त्याने वयाचं रेटिंग वर जातं हे एक कारण. दुसरं माझं स्वतःचं: ही जादू किळसवाणी वाटता कामा नये, महाग वाटली पाहिजे.

दुपारी १.३०

डबा.

दुपारी २.३०

प्लेटेस्ट. दिवसातला हाच तास माझ्या लेखी महत्त्वाचा. टेस्टिंगमधले पाच जण पार्टी करून अंधारकोठडीत उतरतात. हीलर खेळणारी मुलगी या कामात मुरलेली आहे, तिच्या मागे खुर्ची टाकून मी तिचाच स्क्रीन बघत बसते. रक्तजादूगाराचा स्क्रीन मुद्दामच बघत नाही.

आज रक्तजादूगार एकदाही मेला नाही. डॅमेजचा तक्ता सरळ आहे. त्याची स्वतःची शोषणशक्ती, म्हणजे शत्रूला वार लागला की परत मिळणारी हेल्थ, खर्चलेली हेल्थ जवळजवळ पूर्ण भरून काढतेय. कागदावर अट पाळली गेली. पण हीलरच्या स्क्रीनवर डाव्या बाजूला पाच पट्ट्या आहेत आणि त्यांतली चौथी, रक्तजादूगाराची, सारखी खालीवर होतेय. ती खाली गेली की मुलीचा माउस तिकडे जातो. तिसऱ्या बॉसपाशी टँकची, म्हणजे पार्टीसाठी मार अंगावर घेणाऱ्याची, पट्टी एका फटक्यात रिकामी झाली तेव्हा तिचा मंत्र चौथ्या पट्टीवर निम्मा म्हणून झाला होता.

“अगं, तो मरणार नाही हे मला माहितीये,” ती हेडफोन काढत म्हणाली, “पण पट्टी रिकामी दिसली की हात जातोच. दुसरीकडे बघताच येत नाही.”

हा खर्च माझ्या शीटमध्ये नव्हता. तिचा मॅना वाचला, लक्ष मात्र गेलं, आणि हीलरकडे लक्षापेक्षा मोलाचं दुसरं काहीच नसतं.

चहा घेता घेता यावर तोडगा ठरला. स्वतः खर्चलेलं रक्त यापुढे ‘गोठेल’. पट्टीचा तेवढा भाग काळा पडेल, दुसऱ्या कुणाच्याही हीलिंगने तो भरणार नाही. फक्त रक्तजादूगाराचा स्वतःचा वार लागला की त्यातला थोडा थोडा सुटेल. हीलरच्या स्क्रीनवर तो भाग रिकामा दिसणारच नाही. १०,००० पैकी ४,००० गोठले असतील तर उरलेल्या ६,०००ची पट्टी भरलेली दिसेल, कडेला फक्त एक बारीक काळी रेघ. कॉम्बॅट प्रोग्रामरने रास्त शंका काढली, की मग हीलरला तो धडधाकट वाटेल आणि ७,०००चा फटका आला तर पत्ताही न लागता मरेल. मरू दे. ते ४,००० त्याने स्वतः उडवलेत.

दुपारी ४.१५

त्याच प्रोग्रामरबरोबर क्रमाचा प्रश्न. आमचा सर्व्हर सेकंदाला वीस वेळा हिशेब करतो, म्हणजे ५० मिलिसेकंदांचा एक ठोका. एकाच ठोक्यात बॉसचा फटका, हीलरचं हीलिंग आणि स्वतःच्या मंत्राची किंमत असं तिन्ही आलं तर आधी काय धरायचं? किंमत आधी कापली तर खेळाडू बॉसच्या फटक्याने मरतो आणि दोष मंत्राला देतो. आम्ही ठरवलं: आधी हीलिंग, मग फटका, किंमत शेवटी. किंमत भरायला हेल्थ पुरत नसेल तर मंत्र रद्द. मोबाइल नेटवर्कवरून खेळणाऱ्याला हे शेवटचं खटकेल, कारण त्याच्या फोनवर मंत्र सुटलेला दिसतो आणि सर्व्हर तो मागे घेतो. म्हणून हेल्थ काठावर असताना फोन मंत्र आधीच दाखवणार नाही, सर्व्हरच्या होकारासाठी थांबेल. थोडा जडपणा येईल, तो मला चालतो.

संध्याकाळी ५.३०

खेळाडूविरुद्ध खेळाडू. गोठलेलं रक्त तिथेही तसंच ठेवलं, शोषणाला फक्त दर सेकंदाची मर्यादा घातली. नाहीतर दहा जणांच्या घोळक्यावर एक मंत्र टाकून दहापट हेल्थ परत मिळते आणि हा गडी मरतच नाही.

संध्याकाळी ६.१५

नव्या बिल्डसाठी शेवटचं स्किल लिहितेय. २००५च्या ‘गिल्ड वॉर्स’मध्ये नेक्रोमॅन्सरकडे ‘ब्लड इज पॉवर’ होतं. स्वतःची एक तृतीयांश हेल्थ द्यायची आणि सोबत्याची ऊर्जा काही सेकंद भराभर वाढवायची. बऱ्याच पार्ट्या तेवढ्यासाठी एक नेक्रोमॅन्सर सोबत घ्यायच्या. रक्तजादूगार पार्टीला हवाहवासा वाटण्याची याहून चांगली युक्ती मला माहीत नाही. आमच्या स्किलचं नाव ‘रक्तदान’: २० टक्के हेल्थ गोठते आणि तेवढ्या प्रमाणात हीलरचा मॅना भरतो. आकडे आज रात्रीचे बॉट तपासतील.

बिल्ड साडेसातला सर्व्हरवर चढेल. तुम्ही कोणत्याही गेममध्ये असा क्लास खेळत असाल तर एक करा. लढाई संपल्यावर डॅमेजच्या तक्त्यात स्वतःचं नाव शोधण्याआधी हीलरला विचारा, की मॅना किती उरला आणि नजर कुणावर होती. मग आम्हाला लिहा, हा क्लास नीट जमलाय की नाही.