चुकायची मुभा असलेली मुलगी

बजाजनगरातल्या आमच्या पुढच्या खोलीत पुस्तकांच्या दोन लोखंडी मांडण्या आहेत. वाळूज एमआयडीसीतल्या कंपन्यांत ज्यांचे आईवडील पाळीवर जातात, अशी मुलं शाळा सुटली की इथं येतात. वहीत नाव लिहायचं आणि पुस्तक न्यायचं. वहीत सगळ्यात जास्त नावं ‘हॅरी पॉटर आणि परीस’पुढं आहेत. त्याची शिवण सुटलीय, पाठ मी चिकटपट्टीनं धरून ठेवलीय.

परवा सातवीतल्या एका मुलीनं ते परत देताना विचारलं, “काकू, हर्मायनी बाईंशी खोटं बोलली. मग ती चांगली का वाईट?”

प्रसंग तिला तोंडपाठ होता. रॉनचं बोलणं लागल्यामुळं हर्मायनी बाथरूममध्ये रडत बसते. तिथं दैत्य घुसतो, हॅरी आणि रॉन तिला वाचवतात. बाई आल्यावर, सगळे नियम पाळणारी ही मुलगी दोष स्वतःवर घेते आणि सांगते, मीच दैत्याला शोधायला आले होते. तिघांची मैत्री तिथून जमते. दुसऱ्या भागात तर तिच्या काढ्यात चुकून मांजराचा केस पडतो, तोंडावर लव उगवते आणि कित्येक दिवस दवाखान्यात काढावे लागतात. तरी तिच्या हुशारीला बट्टा लागत नाही.

मराठी गोष्टीत मुलीला ही सवलत क्वचितच मिळाली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ ही अद्भुतरम्य कादंबरी १८६१ची. तिची नायिका संकटं सोसते आणि शील जपते, तोच तिचा पराक्रम. श्रावणातल्या कहाण्यांतली नावडती राणीही सोसून सोसूनच जिंकते. मनाला येईल तसं वागणारी बाई पाहायची, तर रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तल्या चेटकिणीकडं जावं लागतं. पोरांचा सगळ्यात जास्त जीव तिच्यावरच. पण ती गाजवली आधी दिलीप प्रभावळकरांनी, पुढं वैभव मांगलेंनी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मात्र खुशाल नको तिथं नाक खुपसायचा, अडकायचा, सुटायचा. मुलग्याला चुकायची मुभा आधीपासून होती.

बाहेरच्या किशोर साहित्यात गेल्या तीस वर्षांत चित्र पालटलं. फिलिप पुलमनची लायरा १९९५ची. थापा मारण्यात पटाईत, आणि त्याच कसबावर ती जीव वाचवते. पण सगळं सरळ पुढंच गेलं, असं नाही. २००५मध्ये ‘ट्वायलाइट’ आली. तिच्यातल्या बेलाचं सगळं जग एका मुलाभोवती फिरतं आणि तिला वाचवायला दर वेळी तोच धावतो.

मला दुसरीही एक काळजी वाटते. अलीकडच्या कितीतरी नायिकांच्या हातात तलवार येते, पण ती आली की मैत्रिणी जातात. बाकीच्या मुली नटव्या नाहीतर मत्सरी, ही एकटी काय ती शूर. आमच्याकडच्या मुली अशा शूर होत नाहीत. आई दुसऱ्या पाळीला असली की एकीच्या धाकट्या भावाला दुसरी सांभाळते, अंधार पडल्यावर तिसरी घरापर्यंत सोडायला जाते. ‘हंगर गेम्स’ची कॅटनिस मला आवडते ती यासाठीच. धाकट्या बहिणीच्या जागी ती मरणाच्या खेळात उतरते. तिथं रू नावाच्या लहान मुलीशी तिची गट्टी जमते, आणि रू मारली गेल्यावर कॅटनिस तिला फुलांनी सजवते. धनुष्यापेक्षा ती फुलं मला मोलाची वाटतात.

म्हणून मुलींच्या हाती पुस्तक देताना मी दोन गोष्टी पाहते: यातल्या मुलीला चुकता येतं का, आणि तिला मैत्रीण आहे का?

त्या मुलीला मी सांगितलं, “चांगलीच आहे गं. खोटं बोलली, पण मैत्रीला जागली.”

तिनं मान हलवली, वही ओढली आणि दुसऱ्या भागापुढं नाव लिहिलं. आधी स्वतःचं, त्याखाली मैत्रिणीचं. “दोघी मिळून वाचू,” म्हणाली.