शेजाऱ्याचा देव आणि आपल्या घरातील शंका

भातशेती आणि मिठागरांच्या पट्ट्यातले आमचे नवघर गाव आज इमारतींच्या गर्दीत शोधावे लागते. १९८५ साली नवघरची ग्रामपंचायत मिरा-भाईंदर नगरपरिषदेत विलीन झाली आणि २००२ साली या नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. मूळचे आगरी भूमिपुत्र, गुजराती-मारवाडी जैन कुटुंबे, उत्तर भारतीय, मुसलमान, ख्रिस्ती आणि पोटापाण्यासाठी कोकण, मराठवाडा, विदर्भातून आलेले आपले बौद्ध बांधव, सारे एकाच जिन्याने चढतात-उतरतात. एका दारावर पंचशील ध्वज, तर समोरच्या दारावर लिंबू-मिरची.

अशा ठिकाणी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने कसे वागावे? आपल्यापैकी काही म्हणतात, शेजारधर्म मोडू नये, सत्यनारायणाला बोलावले तर जावे, हात जोडावेत, प्रसाद खावा. काही म्हणतात, देव मानणाऱ्याशी संबंधच ठेवू नये. पहिल्या वाटेने गेलो तर प्रतिज्ञा जाते. दुसऱ्या वाटेने गेलो तर माणसे जातात. धम्माची वाट या दोहोंहून वेगळी आहे, हे उपासक-उपासिकांनी समजून घेतले पाहिजे.

प्रतिज्ञा कोणासाठी?

परमपूज्य बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञा एकदा शांतपणे वाचून पाहा. प्रत्येक प्रतिज्ञा बोलणाऱ्याने स्वतःविषयी केलेली आहे. मी हे मानणार नाही, मी हे करणार नाही, मी असे वागेन. शेजाऱ्याला करू देणार नाही, अशी एकही प्रतिज्ञा त्यात नाही. बाबासाहेबांनी अगोदर स्वतः दीक्षा घेतली आणि मग ज्यांची इच्छा असेल त्यांनी उभे राहावे, असे सांगितले. लाखो लोक उभे राहिले, ते आपल्या इच्छेने.

आणखी एक गोष्ट. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. त्यानंतर दीक्षा घेईपर्यंत एकवीस वर्षे गेली. एवढ्या मोठ्या विद्वानाने धर्म निवडण्यासाठी एकवीस वर्षे अभ्यास केला, आणि आपण? माहेरून आलेल्या नव्या सुनेने कपाटात देवीचा फोटो ठेवलेला दिसला की त्याच दिवशी घरात रणकंदन! अशाने देवीचा फोटो कपाटातून जातो आणि ट्रंकेच्या तळाशी बसतो. बाई विहारात येते, पण मन मोकळे करीत नाही. धाकाने देव निघत नाहीत, ते फक्त लपतात. ती फोटो का ठेवते, तिला कशाची भीती वाटते, मूल आजारी पडल्यावर तिला कोणाचा आधार वाटतो, हे विचारायला कोणी बसत नाही. आजारपणात दवाखान्यात सोबत जाणारी नणंद आणि रात्री जागणारा नवरा मिळाला तर त्या फोटोची गरज आपोआप कमी होते.

शंका हा गुन्हा नव्हे

घरात दुसराही प्रश्न असतो. कॉलेजात जाणारा मुलगा वडिलांना विचारतो, “मेणबत्ती लावून आणि पालीत वंदना म्हणून काय होते? अर्थ तरी किती जणांना कळतो?” वडील चिडतात. खरे तर त्यांनी आनंद मानायला हवा. केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांना हाच पेच घातला होता. अनेक श्रमण-ब्राह्मण येतात, आपलेच खरे म्हणतात, मग आम्ही कोणाचे मानावे? तथागतांनी त्यांना, शंका घेण्याजोग्या जागी तुम्ही शंका घेतली, हे योग्यच आहे, असे सांगितले. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे, आपला गुरू सांगतो आहे, म्हणून काही मानू नका. जे अकुशल आहे, ज्याने आपले व इतरांचे अहित होते ते सोडा, ज्याने हित होते ते आचरा.

बाबासाहेबांनी हाच उपदेश बौद्ध परंपरेलाही लावला. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी चार प्रश्न उभे केले आहेत. सिद्धार्थाने गृहत्याग का केला, चार आर्यसत्ये मूळ उपदेशातील आहेत काय, आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे, आणि भिक्खू कशासाठी? जो माणूस धम्म स्वीकारतो तोच धम्मग्रंथांना प्रश्न विचारतो! तेव्हा मुलाला गप्प करू नका. वंदनेचा मराठी अर्थ त्याच्याबरोबर बसून वाचा. तुम्हालाही तो नव्याने कळेल.

आपसातल्या मतभेदांनाही हीच कसोटी लावावी. भाईंदरहून उत्तनमार्गे गोराईला गेले की सत्यनारायण गोयंका यांच्या प्रेरणेने उभारलेला, २००९ साली खुला झालेला विपश्यना पॅगोडा लागतो. आपल्यातील कित्येक जण शिबिरे करून आले आणि त्यांचा राग, दारू कमी झाली. कित्येकांना वाटते की डोळे मिटून बसल्याने समाजाचा लढा मागे पडतो. दोघेही जयभीम म्हणणारेच आहेत. मते मांडावीत, पण विहाराच्या पायरीवर एकमेकांकडे पाठ फिरवू नये.

उपाली आणि सोपारा

नवघरात जैन शेजारी पुष्कळ, म्हणून उपाली गृहपतीची हकिकत मुद्दाम सांगतो. उपाली निगंठांचा, म्हणजे जैन मुनींचा श्रीमंत उपासक. तो नालंदेत तथागतांना वादात हरवायला आला आणि त्यांचे म्हणणे पटून उपासक व्हायला निघाला. तथागत त्याला म्हणाले, नीट विचार कर. उपाली चकित झाला. दुसऱ्या पंथाला आपल्यासारखा शिष्य मिळाला असता तर त्यांनी नालंदाभर पताका मिरवली असती, असे तो म्हणाला. तथागतांनी पुढे असेही सांगितले की, तुझे घर इतके दिवस निगंठांना भिक्षा देत आले आहे, ती बंद करू नकोस.

भाईंदरहून लोकलने तिसरे स्टेशन नालासोपारा. तेथील जुन्या सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना स्तूपाचे अवशेष आणि सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. १९५६ साली, म्हणजे आपल्या दीक्षेच्याच वर्षी, जवळच नवव्या लेखाचा तुकडा सापडला. या नवव्या लेखाचा पूर्ण मजकूर गिरनारसारख्या ठिकाणी वाचता येतो. लोक आजारपणात, लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना नाना विधी करतात, असे अशोक त्यात म्हणतो. त्याने ते बंद केले नाहीत. करा, पण त्यांचे फळ थोडे, असे रोखठोक सांगितले. मोठे फळ कशाचे? दास-नोकरांशी नीट वागण्याचे, वडीलधाऱ्यांचा मान राखण्याचे, प्राण्यांविषयी संयमाचे, दानाचे. एवढी सत्ता हाती असूनही राजाने लोकांना समजावलेच.

लादणे नको, शरणागतीही नको

सप्टेंबर २०१५ मध्ये आमच्या महानगरपालिकेने पर्युषणात आठ दिवस मांसविक्री बंद ठेवण्याचे ठरवले तेव्हा केवढा वाद पेटला! जैन भगिनी आठ-आठ दिवस उपास करतात, त्यांच्या निग्रहाचा आदर करावाच. परंतु एकाचे व्रत दुसऱ्याच्या ताटावर हुकूम म्हणून आले की ते व्रत राहत नाही. हे आपल्याला तेव्हा बरोबर समजले. मग हाच न्याय आपण आपल्या घरातील म्हातारीला आणि सुनेलाही दिला पाहिजे.

उलट, आपणही कोणाच्या दबावाला वाकू नये. गणपतीच्या वर्गणीची पावती घेऊन मुले दारात आली तर त्यांना आत बसवा, पाणी द्या आणि स्पष्ट सांगा, “पूजेला वर्गणी देणार नाही. रक्तदान शिबिर ठेवा, वह्या वाटा, त्याला देईन.” १४ एप्रिलला त्यांनाच जयंतीचे आमंत्रण द्या. देवाची टिंगल करू नका, आणि आपल्या नकाराची लाजही बाळगू नका.

सहनशीलतेला सीमा मात्र आहे. श्रद्धेच्या नावाखाली कोणी जात पाळत असेल, बाईला भूत लागले म्हणून मारत असेल, आजाऱ्याचे औषध बंद करून अंगारा देत असेल, तर तेथे गप्प बसणे हे पाप आहे. यासाठीच डॉ. नरेंद्र दाभोलकर अठरा वर्षे जादूटोणाविरोधी कायद्याचा पाठपुरावा करीत होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी कायदा झाला. प्रश्न विचारणाऱ्याला गोळी घालणारा समाज आपल्याला नको असेल, तर प्रश्न विचारणाऱ्यावर हात न उगारणारे घर आधी घडवावे लागेल.

म्हणून बंधू-भगिनींनो, येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर अर्धा तास राखून ठेवा. घरातील प्रत्येकाने, अगदी आजी आणि लहान नातवानेही, एकेक शंका विचारावी. कोणी हसू नये, कोणी रागावू नये. उत्तर माहीत नसेल तर पुस्तक उघडावे, विहारात विचारावे.

जयभीम! नमो बुद्धाय!