पॉलिसॅकराइड संचय स्नायुविकार (घोडा)

पॉलिसॅकराइड संचय स्नायुविकार (संक्षेप: पीएसएसएम) हा घोड्यांच्या स्नायूंमधील चयापचयाचा विकार आहे. या विकारात स्नायुपेशींमध्ये ग्लायकोजेन या रूपात साखरेचा साठा प्रमाणाबाहेर होतो. परंतु साठा विपुल असूनही हालचालीच्या वेळी स्नायूंना पुरेशी ऊर्जा मिळत नाही. परिणामी हलक्या व्यायामानंतरही स्नायू आखडतात, दुखतात आणि स्नायुतंतूंची हानी होते. हा विकार औषधाने बरा होत नाही. मात्र आहारातील पिष्ट व साखर कमी करणे आणि घोड्याला रोज नियमित व्यायाम देणे या दोन उपायांनी तो बहुसंख्य घोड्यांमध्ये आटोक्यात ठेवता येतो.

इतिहास

यंत्रे येण्यापूर्वी युरोप व अमेरिकेत नांगर आणि अवजड गाड्या ओढण्यासाठी भारवाही जातींचे घोडे वापरले जात. आठवडाभर राबणाऱ्या या घोड्यांना रविवारी विश्रांती मिळे, पण धान्याची चंदी मात्र नेहमीइतकीच दिली जाई. सोमवारी जुंपल्यावर काही वेळातच त्यांपैकी काही घोडे घामाने भिजून जागीच खिळत आणि त्यांची लघवी गडद रंगाची होई. त्यामुळे या व्याधीला ‘सोमवार सकाळचा रोग’ असे नाव पडले. विश्रांती आणि भरपूर खुराक यांच्या एकत्र येण्याशी या व्याधीचा संबंध आहे, हे त्या काळीच लक्षात आले होते.

१९९२ मध्ये स्टेफनी व्हॅलबर्ग व सहकाऱ्यांनी क्वार्टर हॉर्स जातीच्या घोड्यांच्या स्नायूंमधील असामान्य पॉलिसॅकराइडच्या संचयाचे वर्णन केले. २००८ मध्ये मॉली मॅक्यू व सहकाऱ्यांनी मिनेसोटा विद्यापीठात त्यामागील जनुकीय बदल शोधून काढला.

कारणे व प्रकार

ग्लायकोजेन तयार करणाऱ्या ग्लायकोजेन सिंथेज या विकराचा स्नायूंमधील प्रकार जीवायएस१ या जनुकावर अवलंबून असतो. या जनुकातील एका बदलामुळे विकरातील ३०९ व्या स्थानी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडिन येते आणि विकर गरजेपेक्षा अधिक क्रियाशील राहते. धान्य खाल्ल्यावर रक्तातील साखर व इन्शुलिन वाढले की त्याला आणखी चालना मिळते. बाधित घोड्याच्या स्नायूंतील ग्लायकोजेन निरोगी घोड्याच्या दीडपट किंवा त्याहूनही अधिक असू शकते.

हा बदल असलेल्या विकारास पहिला प्रकार म्हणतात. त्याचे संक्रमण प्रभावी पद्धतीने होते, म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेली जनुकाची एक प्रतही विकारासाठी पुरेशी असते. एका प्रतीचा वाहक असलेल्या घोड्याचा निरोगी जोडीदाराशी संकर झाल्यास प्रत्येक शिंगराला हा बदल मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. क्वार्टर हॉर्स, पेंट, अ‍ॅपालूसा तसेच पर्शेरॉन व बेल्जियन या भारवाही जातींमध्ये हा प्रकार विशेष आढळतो. शायर व क्लाइड्सडेल या ब्रिटिश भारवाही जातींमध्ये तो विरळा आहे.

स्नायूंच्या तपासणीत संचय दिसतो, पण जीवायएस१ मध्ये बदल नसतो, अशा घोड्यांना दुसऱ्या प्रकारात धरले जाते. हा एकच आजार नसून अनेक कारणांचा समूह असावा, असे मानले जाते.

लक्षणे

व्यायाम सुरू केल्यानंतर साधारणतः २० मिनिटांच्या आत घोडा आळसावल्यासारखा वागतो, पावले आखूड टाकतो, घाम गाळतो आणि पुढे जाण्यास नकार देतो. पुठ्ठा व मांड्यांचे स्नायू हाताला कठीण लागतात आणि थरथरतात. तीव्र झटक्यात मायोग्लोबिन हे स्नायूंमधील प्रथिन लघवीत उतरते व लघवी तांबूस-तपकिरी होते. या प्रथिनाचे प्रमाण वाढल्यास मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते. काही घोड्यांमध्ये ठळक झटका येत नाही. केवळ कामाची टाळाटाळ दिसते व ती स्वभावदोष समजली जाते. अशा घोड्याला दटावून पळवल्यास स्नायूंची हानी वाढते.

निदान

स्नायूंची हानी झाल्यास क्रिएटिन कायनेज हे विकर रक्तात वाढते व साधारण चार ते सहा तासांत उच्चांक गाठते. त्यामुळे हलक्या व्यायामानंतर चार ते सहा तासांनी रक्त तपासल्यास बाहेरून न दिसणारी हानीही कळते. पहिल्या प्रकाराचे निश्चित निदान रक्ताच्या किंवा मुळासकट उपटलेल्या केसांच्या जनुकीय चाचणीने होते. दुसऱ्या प्रकारासाठी स्नायूचा लहान तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो.

थरोब्रेड घोड्यांमध्ये वारंवार स्नायू आखडण्याचा जो विकार आढळतो, तो याहून वेगळा आहे. उत्तेजित, भित्र्या स्वभावाच्या घोड्यांमध्ये तो अधिक दिसतो. भारतातील शर्यतीचे घोडे प्रामुख्याने थरोब्रेड असल्याने त्यांच्या बाबतीत हा भेद महत्त्वाचा ठरतो.

झटक्याच्या वेळची काळजी

झटका आलेल्या घोड्याला बळेच चालवू नये. त्याला आहे तिथेच थांबवून पाणी द्यावे, चंदी बंद करावी आणि पशुवैद्यकास बोलवावे. वेदनाशामके व सलाइन यांचा निर्णय पशुवैद्यकाने घ्यावयाचा असतो, कारण शरीरात पाणी कमी असताना दिलेली काही वेदनाशामके मूत्रपिंडांना घातक ठरतात. तीव्र अवस्था ओसरल्यावर घोड्याला दीर्घकाळ तबेल्यात बांधून ठेवणे हितावह नसते. वेदना कमी होताच, शक्यतो ४८ तासांच्या आत, त्याला लहान आवारात मोकळे सोडण्याचा सल्ला दिला जातो.

आहार

आहाराचा पाया वाळलेले गवत हा असतो. दररोज शरीराच्या वजनाच्या १.५ ते २ टक्के, म्हणजे ५०० किलो वजनाच्या घोड्याला ७.५ ते १० किलो गवत दिले जाते. त्यातील पिष्ट व साखरेचे एकूण प्रमाण १२ टक्क्यांपेक्षा कमी असावे. हे प्रमाण गवताकडे पाहून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणी लागते. अधिक साखरेचे गवत पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिल्यास विरघळलेली साखर काही अंशी कमी होते. असे गवत आंबण्यापूर्वी खाऊ घालावे लागते. ओट, मका, सातू यांसारखी धान्ये आणि मळी किंवा गूळ मिसळलेला खुराक वर्ज्य करतात.

धान्य काढल्याने कमी झालेली ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून भरून काढली जाते. दैनंदिन ऊर्जेचा सुमारे १५ ते २० टक्के भाग त्यांतून मिळावा, असे सर्वसाधारण उद्दिष्ट असते. सोयाबीनसारखे वनस्पती तेल किंवा भाताचा स्निग्धांशयुक्त कोंडा यासाठी वापरतात. स्निग्धाम्लांमुळे स्नायूंना ग्लायकोजेनखेरीज दुसरे इंधन मिळते. तेल थोड्या प्रमाणात सुरू करून दोन-तीन आठवड्यांत वाढवतात व त्यासोबत ई जीवनसत्त्व देतात. केवळ गवत खाणाऱ्या घोड्याला खनिजे, मीठ व आवश्यकतेनुसार प्रथिनेही पुरवावी लागतात.

स्थूल घोड्याला तेल दिल्यास वजन आणखी वाढते. अशा घोड्याचा आहार मोजून कमी केला जातो; व्यायामापूर्वी काही तास त्याला खुराक न दिल्यास शरीरातील साठलेली चरबीच इंधन म्हणून उपलब्ध होते.

व्यायाम

नियमित हालचालीमुळे ग्लायकोजेन वापरले जाते आणि स्निग्ध पदार्थांपासून ऊर्जा मिळवण्याची स्नायूंची क्षमता वाढते. केवळ आहार बदलून व्यायाम न दिल्यास फारसा लाभ होत नाही. बदललेल्या आहाराची सवय लागण्यास सुमारे दोन आठवडे दिल्यावर लांब दोरीवर तीन ते पाच मिनिटे चाल व हलकी दुडकी यांनी सुरुवात करतात आणि रोज एक-दोन मिनिटे वाढवतात. घोडा विनाकष्ट १५ मिनिटे दुडकी चालू लागल्यावर, साधारणतः तीन आठवड्यांनी, स्वारीस प्रारंभ होतो.

या कार्यक्रमात वेगापेक्षा सातत्याला महत्त्व आहे. एखाद्या दिवशी दीर्घ रपेट व नंतर अनेक दिवस विश्रांती हा क्रम झटक्याला निमंत्रण देतो. स्वारी नसलेल्या दिवशीही घोड्याला शक्य तितका वेळ मोकळ्या आवारात सोडावे लागते. मात्र हिरव्यागार कुरणातील गवतात साखर अधिक असू शकते. तेथे मुखजाळी लावून चरण्यावर मर्यादा घालतात.

परिणाम व मर्यादा

आहार व व्यायाम यांचा पूर्ण परिणाम दिसण्यास काही महिने लागतात. बहुसंख्य घोडे पुन्हा स्वारीच्या किंवा कामाच्या उपयोगी पडतात. मात्र जनुकीय बदल कायम राहत असल्याने ही पथ्ये आयुष्यभर पाळावी लागतात. इतर आजार किंवा दुखापतीमुळे विश्रांती अपरिहार्य झाल्यास आहारातील ऊर्जा तातडीने कमी करून नंतर व्यायाम पुन्हा टप्प्याटप्प्याने वाढवला जातो.