एक्सलचा सांधा आणि त्याचा रबरी बूट

पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या मोटारीत पुढच्या चाकाला एकाच वेळी तीन कामे करावी लागतात. इंजिनाच्या जोराने फिरायचे, चालक वळवील तसे डावी-उजवीकडे वळायचे आणि खड्ड्यागणिक वर-खाली व्हायचे. गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणारा पोलादी दांडा, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला एक्सल, सरळ आणि अखंड असता तर यातले पहिलेच काम जमले असते. म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात आणि प्रत्येक सांध्यावर घड्यांचे रबरी आवरण, ज्याला सगळे ‘बूट’ म्हणतात. गाडी वळताना चाकाजवळून कट-कट आवाज येऊ लागला की मेकॅनिक सांगतो, ‘एक्सल गेला’. बहुतेक वेळा त्याचे निदान बरोबर असते. पण तेच काही महिने आधी पाहिले असते तर नुसता बूट बदलून भागले असते. असे का, हे समजण्यासाठी आधी सांध्याकडे पाहू.

दोन काटे आणि त्यांमध्ये अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, हा सांधा जुना आहे. सतराव्या शतकात रॉबर्ट हुक याने त्याचा अभ्यास केला, म्हणून त्याला हुकचा सांधा म्हणतात. अँबॅसॅडर किंवा प्रीमियर पद्मिनीसारख्या, मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांच्या लांब दांड्यावर तोच असे. त्याची एक खोड आहे. दांडे एकमेकांशी कोन करून असले, की पहिला दांडा एकसारख्या वेगाने फिरला तरी दुसरा तसा फिरत नाही. प्रत्येक फेरीत तो दोनदा मागे रेंगाळतो आणि दोनदा पुढे धावतो.

हे वर्गात दाखवता येते. पान्यांच्या सॉकेट सेटमध्ये असा छोटा सांधा मिळतो. त्याच्या दोन्ही टोकांना दांडे बसवून त्यांवर अंशांच्या खुणा केलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या चिकटवा, शेजारी तारेचे स्थिर काटे ठेवा आणि दांड्यांमध्ये ४० अंशांचा कोन करा. सुरुवातीला एका दांड्याचा काटा दोन्ही दांड्यांच्या प्रतलात असू द्या. आता पहिला दांडा ४५ अंश फिरवला की दुसरी चकती ४५ दाखवणार नाही. कोणत्या दांड्यापासून सुरुवात केली त्यानुसार ती सुमारे साडेसदतीस किंवा साडेबावन्न दाखवील. पहिला ९० वर नेला की दुसराही ९० वर. म्हणजे निम्म्या वाटेत पडलेला फरक उरलेल्या वाटेत भरून निघतो. गणित हवे असेल तर वेगांचे गुणोत्तर कोनाच्या कोसाइनपासून त्याच्या व्यस्तापर्यंत बदलते. ४० अंशांना ०.७७ पासून १.३१ पर्यंत. लांब दांड्यावर कोन लहान असतो आणि दोन सांधे योग्य रीतीने बसवले तर एकाचा दोष दुसरा खोडून काढतो. वळणाऱ्या चाकापाशी मात्र ही सोय नाही. तिथे असा सांधा लावला तर प्रत्येक वळणावर स्टिअरिंग हातात हिसके देईल.

यावर तोडगा शालेय भूमितीतच आहे. कोनदुभाजकावरील प्रत्येक बिंदू कोनाच्या दोन्ही भुजांपासून समान अंतरावर असतो. दोन दांडे या भुजा मानल्या आणि जोर नेणारे भाग सतत त्यांच्या दुभाजक प्रतलात ठेवले, तर त्या भागांचे दोन्ही दांड्यांच्या अक्षांपासूनचे अंतर सारखे राहते. अंतर सारखे, भागाचा वेग एकच, म्हणून दोन्ही दांड्यांचा कोनीय वेगही सारखा! आल्फ्रेड झेपा यांनी १९२० च्या दशकात अमेरिकेत जो सांधा बनवला त्यात हे काम पोलादी गोळ्या करतात. बाहेर एक वाटी, आत एक गोलाकार ठोकळा, दोन्हींत वक्र खाचा, खाचांत सहा गोळ्या आणि त्यांना दुभाजक प्रतलात धरून ठेवणारा पिंजरा. १९५९ च्या ब्रिटिश मिनी गाडीमुळे हा सांधा घरोघरच्या मोटारीत आला आणि १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० मुळे आपल्याकडच्या गॅरेजांत. यालाच समवेगी सांधा म्हणतात.

गोळी आणि खाच यांचा स्पर्श अगदी थोड्या जागेत होतो, त्यामुळे तिथला दाब प्रचंड असतो. मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेले काळे ग्रीस दोघांना घासण्यापासून वाचवते आणि ते ग्रीस जागेवर ठेवणे हे बुटाचे काम. दांडा कोनात फिरताना बुटाच्या घड्या एका बाजूला ताणल्या जातात, दुसऱ्या बाजूला मिटतात, आणि हे प्रत्येक फेरीत घडते. चाकाचा परिघ १.७ मीटर धरला तर एका किलोमीटरला सुमारे ५९० वेळा, ५०,००० किलोमीटरला जवळजवळ तीन कोटी वेळा. त्यात हवेतला ओझोन ताणलेल्या रबरातील कार्बनचे दुहेरी बंध तोडतो. (साधी रबरबँडे दोन घ्या, एक खिळ्यांवर ताणून, एक सैल अशी काही आठवडे मोकळ्या हवेत ठेवा. भेगा ताणलेल्यावर आधी आणि ताणाला आडव्या पडतात.) बुटासाठी वापरले जाणारे निओप्रीन ओझोनला नैसर्गिक रबरापेक्षा अधिक दाद देत नाही, पण अमर नसते.

घडीत भेग पडली की फिरण्याच्या जोराने ग्रीस बाहेर फेकले जाते आणि चिखलपाणी आत शिरते. वाळूतील क्वार्ट्झचा कण कठीण केलेल्या पोलादालाही ओरखडतो. उरलेले ग्रीस आणि धूळ मिळून जे होते ते व्हॉल्व्ह घासण्याच्या पेस्टहून फारसे वेगळे नाही. गाडी बहुतांशी सरळच जात असल्याने खाचा मधोमध झिजतात. पूर्ण वळणावर गोळ्या दर फेरीला खाचेच्या टोकांकडे सरकतात, झिजलेल्या भागाची कड ओलांडताना ठोकर खातात. तोच कट-कट आवाज. गिअरबॉक्सकडचा सांधा वेगळ्या रचनेचा, बहुधा तीन रोलरांचा असतो. तो झिजला तर आवाजाऐवजी वेग घेताना गाडी थरथरते.

त्यामुळे आवाजाची वाट पाहणे हीच मोठी चूक. स्टिअरिंग पूर्ण वळवून, टॉर्च घेऊन चाकामागे पाहावे. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट फाटला आहे. आवाज नसेल तर सांधा उघडून, धुऊन, खाचा पाहून नवे ग्रीस व नवा बूट घालावा. आवाज असेल तर नवा बूट हे निव्वळ वरवरचे मलम. झिजलेले पोलाद ग्रीसने भरून येत नाही, सांधा किंवा अख्खा एक्सल बदलावा लागतो. तो बदलायचा टाळत राहिले तर सांधा कधीतरी चालत्या गाडीत तुटतो आणि चाकाकडे जाणारा जोर थांबतो. एक्सल न काढता चिकटवायचे, उभे चिरलेले बूटही मिळतात. अडल्या वेळी ठीक आहेत, पण तीन कोटी घड्यांपुढे तो जोड किती टिकणार याबद्दल आम्हाला शंका आहे.

काम करून घेताना दोन गोष्टी आग्रहाने पाहाव्यात. पाकिटात आलेले ग्रीस त्या सांध्यासाठी मोजून दिलेले असते. त्याऐवजी डब्यातले साधे ग्रीस भरू देऊ नये. आणि चाकाच्या मधला मोठा नट नवा घालून टॉर्क पान्याने, कंपनीने दिलेल्या आकड्याइतकाच आवळायला हवा, कारण चाकाच्या बेअरिंगचे आयुष्य त्यावर अवलंबून असते.