स्वार्त्सेंगीचा कारखाना

आइसलँडच्या नैऋत्य टोकाला, रेक्यानेस द्वीपकल्पावर, स्वार्त्सेंगी नावाचे भू-औष्णिक वीजकेंद्र आहे. पर्यटकांना हा परिसर माहीत असतो तो ‘ब्लू लगून’मुळे. वीजकेंद्राने बाहेर सोडलेल्या खनिजयुक्त पाण्यानेच ते निळसर, ऊन पाण्याचे तळे तयार झाले. जमिनीच्या पोटातून येणाऱ्या वाफेबरोबर थोडा कार्बन डायऑक्साइडही वर येतो. वाफ टर्बाइन फिरवी आणि हा वायू हवेत निघून जाई. रेक्याविकमध्ये २००६ साली स्थापन झालेल्या ‘कार्बन रिसायकलिंग इंटरनॅशनल’ या कंपनीने तो अडवला आणि केंद्राला लागूनच कारखाना उभारला. २०१२पासून तिथे या वायूचे मिथेनॉल होऊ लागले.

कारखान्याला नाव दिले आहे जॉर्ज ओला यांचे. बुडापेस्टमध्ये १९२७ साली जन्मलेले हे रसायनशास्त्रज्ञ १९५६च्या उठावानंतर हंगेरी सोडून बाहेर पडले आणि पुढे अमेरिकेत स्थिरावले. १९९४ साली त्यांना नोबेल मिळाले ते कार्बोकॅटायन म्हणजे धनभारित कार्बनी आयनांवरच्या कामासाठी. आयुष्याच्या उत्तरार्धात मात्र त्यांनी एकच विचार लावून धरला: तेल आणि नैसर्गिक वायू यांची जागा मिथेनॉल घेऊ शकते आणि ते हवेतल्याच कार्बनपासून करता येते. या विचारावरचे त्यांचे पुस्तक २००६ साली आले. त्याच्या सहलेखकांपैकी एक, सूर्य प्रकाश, मूळचे बंगळुरूचे.

कार्बन डायऑक्साइड म्हणजे जळून गेलेल्या इंधनाची राख. जळताना बाहेर पडलेली ऊर्जा परत मोजून दिल्याशिवाय त्या राखेचे पुन्हा सरपण होत नाही, आणि ही किंमत हायड्रोजनच्या रूपात द्यावी लागते. स्वार्त्सेंगीत पाण्यात वीज सोडून हायड्रोजन वेगळा काढत. वायूतला गंधक आधी काढून टाकावा लागे, कारण त्याने उत्प्रेरक निकामी होतो. मग दोन्ही वायू दाबाखाली, अडीचशे अंशांच्या आसपास तापवून तांबे आणि झिंक ऑक्साइडच्या उत्प्रेरकावरून नेले की मिथेनॉल आणि पाणी तयार होते. ऊर्ध्वपातन करून ते वेगळे केले जाते. एवढ्या कष्टाने काढलेल्या हायड्रोजनचा तिसरा हिस्सा त्या पाण्यात परत जातो. हा तोटा रसायनशास्त्राच्या नियमातच आहे. कितीही हुशार अभियंता आणला तरी तो टळत नाही.

सुरुवातीला वर्षाला १,३०० टन असलेली कारखान्याची क्षमता २०१५मध्ये ४,००० टनांवर गेली. तेवढ्यासाठी सुमारे ५,५०० टन कार्बन डायऑक्साइड लागतो. पण मला महत्त्वाचा वाटतो तो विजेचा आकडा. एक टन मिथेनॉलला साधारण १९० किलो हायड्रोजन लागतो आणि तेवढ्या हायड्रोजनला जवळपास दहा हजार युनिट वीज. त्या टनभर मिथेनॉलमध्ये साठलेली ऊर्जा सुमारे साडेपाच हजार युनिटांची. म्हणजे निम्म्याच्या आसपास ऊर्जा वाटेतच संपते. आइसलँडची जवळजवळ सगळी वीज पाण्याची आणि भूगर्भातल्या उष्णतेची असल्यामुळे तिथे हा सौदा शोभतो. बॅटरीवर सहज धावू शकणाऱ्या मोटारीसाठी मात्र एवढी वीज अशी घालवणे मला पटत नाही.

‘कार्बन रिसायकलिंग’चेच तंत्र चीनमध्ये हेनान प्रांतातल्या आन्यांगला गेले, तेव्हा आकार कैक पटींनी वाढला. २०२२मध्ये सुरू झालेल्या त्या कारखान्याची क्षमता वर्षाला १,१०,००० टन. तिथला हायड्रोजन मात्र कोकभट्टीच्या वायूतून येतो, म्हणजे मुळात कोळशातून. वाया जाणारा वायू कामी लागला हे चांगलेच. पण स्वार्त्सेंगीच्या आणि आन्यांगच्या मिथेनॉलवर एकच शिक्का मारणे चूक आहे.

डेन्मार्कमधल्या कासो इथला, २०२५मध्ये सुरू झालेला कारखाना मला जास्त आशेचा वाटतो. वर्षाला ४२,००० टनांची क्षमता, सौर आणि पवनऊर्जेवरचा हायड्रोजन, बायोगॅसमधून मिळणारा कार्बन. गिऱ्हाइके कोण? मर्स्क ही जहाज कंपनी, आणि प्लास्टिकसाठी लेगो व नोवो नॉर्डिस्क. समुद्र ओलांडणारे मोठे जहाज बॅटरीवर चालवणे आज अवघड, आणि प्लास्टिकला कार्बन लागतोच. अशा मिथेनॉलची खरी जागा इथे आहे.

आपल्याकडे कार्बन डायऑक्साइडचा कारखान्यात वापर नवा नाही. अलिबागजवळच्या थळला आरसीएफ या खत कंपनीचा युरिया होतो तो अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या संयोगातूनच. अर्थात शेतात टाकल्यावर तो कार्बन पुन्हा हवेत जातो. आता पवईच्या आयआयटीत कार्बन पकडण्या-वापरण्यावर राष्ट्रीय केंद्र आहे, आणि एनटीपीसीने मध्य प्रदेशातल्या विंध्याचल वीजकेंद्रात धुराड्यातल्या वायूपासून मिथेनॉल करण्याचा प्रकल्प हाती घेतला आहे.

तरुण संशोधक या कामाकडे वळत आहेत याचा मला मनापासून आनंद आहे, आणि म्हणूनच आकडे उघड मांडले पाहिजेत. कोळशावरच्या एका युनिट विजेमागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. चंद्रपूर किंवा कोराडीच्या कोळशावरच्या विजेवर हायड्रोजन काढला, तर एक टन मिथेनॉलमध्ये जेमतेम चौदाशे किलो वायू बांधण्यासाठी दहा टनांच्या आसपास नवा वायू हवेत जाईल. तोच हायड्रोजन नव्याने उभारलेल्या सौर किंवा पवन विजेवर काढला, तर हिशेब उलटतो. म्हणून अशा कारखान्याची घोषणा होईल तेव्हा, किती वायू पकडणार याच्या आधी, हायड्रोजनची वीज कुठून येणार हे विचारावे, आणि त्याचे उत्तर प्रकल्पाच्या कागदपत्रांत पहिल्या पानावर असावे.