गायतोंड्यांच्या लेकीचे शोधनिबंध

१९८७ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये चार पानांचा एक निबंध छापून आला. विषय होता तामिळनाडूतल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमधला एचटीएलव्ही-३ या विषाणूचा संसर्ग. हाच विषाणू पुढे एचआयव्ही म्हणून ओळखला जाऊ लागला. सात लेखकांत चौथे नाव एस. निर्मला, पाचवे सुनीती सॉलोमन.

सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरातल्या, आठ भावंडांतली एकुलती एक मुलगी. शिक्षण मद्रास मेडिकल कॉलेजात, लग्न हृदयशल्यविशारद व्हिक्टर सॉलोमन यांच्याशी. काही वर्षे परदेशात काढून १९७३ मध्ये त्या परतल्या आणि त्याच कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवू लागल्या.

१९८५ च्या अखेरीस निर्मला ही विद्यार्थिनी प्रबंधाला विषय शोधत होती. बाईंनी सुचवले, एड्स. तेव्हा हा रोग परदेशातला, आपल्या संस्कृतीत तो शिरणार नाही, अशी पुढाऱ्यांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळ्यांची खात्री होती. निर्मलाबाईंनी पोलिसांनी पकडून सुधारगृहात ठेवलेल्या स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले, हातमोजेही नव्हते. मद्रासला तपासणीची सोय नसल्याने ऐंशीहून अधिक नमुने घरच्या फ्रीजमध्ये साठवले. १९८६ च्या फेब्रुवारीत बर्फाच्या पेटीत भरून, नवऱ्याला सोबत घेऊन, रात्रीच्या गाडीने त्या काटपाडीला उतरल्या. तिथून रिक्षाने वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज. डॉ. जेकब जॉन यांच्या प्रयोगशाळेत सहा नमुने पिवळे पडले, म्हणजे त्यांत संसर्गाची खूण सापडली. अमेरिकेतल्या फेरतपासणीतही निकाल तोच आला, आणि भारतात एचआयव्ही आहे हे सिद्ध झाले.

कसली तपासणी चालली आहे, हे त्या स्त्रियांना सांगितलेले नव्हते. आजची कुठलीही एथिक्स कमिटी असा अभ्यास मंजूर करणार नाही, आणि ते योग्यच आहे. शोधाचे मोल मान्य करूनही ही गोष्ट नोंदवायला हवी.

निर्मलाबाई प्रबंध देऊन किंग इन्स्टिट्यूटमध्ये लसींच्या कामाला लागल्या. सुनीतीबाईंनी मात्र हा विषय सोडला नाही. १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने ‘वाय. आर. गायतोंडे सेंटर’, म्हणजेच ‘वायआरजी केअर’ उभारले. इतरत्र हाकलले जाणारे रुग्ण तिथे येत, आणि त्यांच्या नोंदींतूनच पुढचे निबंध घडत गेले. २००० सालच्या एका निबंधाने दाखवले की तिथे येणाऱ्या बाधित स्त्रियांपैकी बहुतेक जणी नवऱ्याखेरीज कुणाशीही संबंध न आलेल्या गृहिणी होत्या. रोग ‘त्या’ वस्तीतला, ही समजूत याने पार मोडीत निघाली. माझ्या मते सामाजिकदृष्ट्या त्यांच्या सगळ्या निबंधांतला हा सर्वांत जळजळीत निबंध आहे.

२००३ च्या निबंधात उपचारांशिवाय हा रोग दक्षिण भारतात कसा वाढतो, याचे चित्र होते. दरम्यान २००१ मध्ये सिप्लाने तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला होता. स्वस्त भारतीय औषधे येण्यापूर्वी आणि आल्यानंतर रोगाचे रूप कसे पालटले, हे २००५ च्या निबंधाने मांडले. या टप्प्यावर सुनीतीबाईंचे सहकारी डॉ. एन. कुमारस्वामी यांचे नाव सतत दिसते. २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांचा अभ्यास आला. बाधित जोडीदाराला लवकर औषध सुरू केले, तर दुसऱ्याला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी टळतो, हा त्याचा निष्कर्ष. या अभ्यासात चेन्नईचे ‘वायआरजी केअर’ होते, आणि पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही.

सुनीतीबाई २८ जुलै २०१५ रोजी गेल्या. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

वैद्यकीय महाविद्यालयांत आजही बढतीसाठी निबंध मोजतात, आणि त्या हिशेबात मधल्या नावांना फारशी किंमत नसते. हा हिशेब किती तोकडा आहे, ते १९८७ च्या त्या चार पानांवरची चौथी आणि पाचवी नावे सांगतात. या सगळ्यांतला एकच निबंध वाचायचा झाला, तर तोच वाचावा.