चांगला किनारा, पण कोणासाठी?
'चांगला' हे 'लाल'सारखं विशेषण नव्हे, मंडळी. लाल ते सगळ्यांना लाल. 'चांगला' म्हटलं की कशासाठी, हे विचारावं लागतं. दापोलीजवळच्या कर्द्याचा उतार मंद, वाळू घट्ट. नातवंडांना घेऊन चालायला उत्तम. गणपतीपुळे त्याहून देखणं, पण तिथला समुद्र दगा देतो, माणसं बुडाली आहेत. म्हणजे सुंदर आणि सुरक्षित हे गुण निराळे.

आता वेळास घ्या. तिथे ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वर येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते. तिला हवा अंधार. आपण किनारा 'सुधारायला' दिवे लावले, की पिल्लं समुद्र सोडून दिव्यांकडे चालू लागतात. मग तो सुधारला कोणासाठी?